डुक्कर फियाटचे नवे ड्रम

जानेवारीपासून जयवंत घाडीगावकरला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी उठायचा, दात घासायचा, बकुळानं पुढ्यात ठेवलेला चहा प्यायचा आणि लालबागच्या चाळीत आपल्या खोलीबाहेरच्या गॅलरीत स्टूल टाकून बसून राहायचा. कोणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचा. जेवण कधी टाकलं नाही, झोपही लागायची. बकुळा परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. माणसं हंबरडा फोडताना तिनं पाहिली होती, भिंतीवर डोकं आपटताना पाहिली होती. आपला नवरा यातलं काहीच करत नाही, हेच तिला आतून खायचं.

जयवंत लोअर परळच्या एका कंपनीची मिनीबस चालवायचा. केस पिकेपर्यंत त्याच्या हातून गाडीला ओरखडा आला नव्हता. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी स्टाफला सोडायला न्यायची म्हणून रिकामी बस घेऊन तो करी रोडचा पूल उतरत होता. उतारावर त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली जाऊन पत्र्याला टेकलं. मध्ये काही अडलंच नाही. त्यानं हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, बस कठड्याला घासत नेली. तरीही पुलाच्या पायथ्याशी रस्ता ओलांडणारे शामराव गमरे नावाचे एक गृहस्थ समोर आले. त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत पपई. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते गेलेले होते.

चौकशी झाली. ब्रेकची नळी गंजून फुटली होती, देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याच्यावर केस झाली. जयवंतवर ठपका आला नाही, लायसन शाबूत राहिलं. कंपनीनं दुसरी गाडी देतो म्हणून निरोप धाडला, पण तो गेला नाही. का नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. भीती वाटते म्हणावं, तर भीतीही वाटत नव्हती.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी मनू तांबे जिना चढून वर आला. मनूचं गॅरेज खालच्याच गल्लीत होतं. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले.

"रिकामा आहेस ना?" मनूनं विचारलं.

"आहे."

"मग चल. माझा कारागीर गणपतीला गावी गेला तो अजून आला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरनं मला वजन उचलू नको म्हणून सांगितलंय. एक काम अडकलंय."

"कसलं काम?"

"ब्रेकचं," मनू म्हणाला. त्यानं नजर चुकवली नाही.

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. तेवढी खटपट जयवंतला नको वाटली. त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तो मनूच्या मागोमाग जिना उतरला.

गॅरेजमध्ये करड्या रंगाची एक जुनी फियाट चारही चाकं काढून लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. पुढून फुगीर, नाक वर आलेली, मागे निमुळती. मुंबईचे गॅरेजवाले या मॉडेलला डुक्कर फियाट म्हणतात, आणि मालकही रागावत नाहीत. हिचे मालक शरच्चंद्र धैर्यवान फणसवाडीत राहायचे. वडिलांनी घेतलेली गाडी त्यांनी आजवर जपली होती. पांढरा सदरा, पांढरी पँट अशा कपड्यांत ते गॅरेजच्या दाराशी खुर्चीवर बसले होते.

"दिवाळीत नातीला घेऊन खंडाळ्याला जायचंय," त्यांनी जयवंतला आपणहून सांगितलं. "चढायला ही तक्रार करत नाही. उतरताना मात्र जुने ड्रम तापतात, आणि तापले की ब्रेक धरत नाहीत. म्हणून हे मागवले. ॲल्युमिनियमचे. उष्णता लगेच बाहेर टाकतात म्हणे."

खोक्यात चार ड्रम होते. बाहेरच्या अंगाला वारा लागावा म्हणून उभे कंगोरे, आतून बिडाची रिंग, कारण नुसतं ॲल्युमिनियम घासून लगेच संपलं असतं. मनूनं एक नवा ड्रम जयवंतच्या उजव्या हातात दिला आणि डाव्या हातात जुना, बिडाचा. जुन्यानं हात खाली ओढला. नवा रिकाम्या टोपासारखा हलका होता.

"केवढा फरक," धैर्यवान म्हणाले.

"हो," जयवंत म्हणाला. फरक त्याला कळत होता. धैर्यवानांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसत होता, तो कुठून येतो ते मात्र कळत नव्हतं.

काम सुरू झालं. नवे ड्रम पेटीतून काढले आणि बसवले असं झालं नाही. मधलं भोक चाकाच्या हबवर जाईना, म्हणून जयवंत ते चारही काळाचौकीच्या लेथवाल्याकडे घेऊन गेला आणि भोक किंचित मोठं करून आणलं. मग ड्रमचा पुढचा भाग जाड असल्यामुळे चाकाचे जुने बोल्ट आखूड पडले. लांब बोल्ट शोधण्यात एक दिवस गेला. मागच्या डाव्या चाकाला ड्रम फिरवला की आत ब्रेकची शू, म्हणजे ड्रमला दाबणारी पट्टी, घासल्याचा आवाज यायचा. मनू कान लावून ऐकायचा, ड्रम उतरवायचा, शू थोडी घासायचा, परत चढवायचा. त्याच खटपटीत त्यानं चाकांच्या सिलिंडरमधले जुने रबरही बदलून टाकले.

जयवंत सांगेल ते करत होता. उचल म्हटलं की उचलायचा, धर म्हटलं की धरायचा. एकदा ड्रमच्या कंगोऱ्यावर त्याचं बोट कापलं आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मनूनं ओरडून सांगितलं तेव्हा त्यानं हाताकडे पाहिलं. मनूनं फडकं बांधलं.

"दुखत नाही?"

"दुखत असेल," जयवंत म्हणाला.

मनू पाना उचलून परत गाडीखाली सरकला.

घरी बकुळानं फडकं सोडून पट्टी बांधली. "कामाला जाताय ते बरंय," ती म्हणाली. तो मनूकडे काय काम करतो ते तिला ठाऊक होतं. पट्टीची गाठ तिनं दोनदा सोडून दोनदा मारली.

ड्रम बसल्यावर राहिलं ते ब्रेकची हवा काढण्याचं. सिलिंडर उघडले की नळ्यांमध्ये हवा शिरते, आणि हवा राहिली तर ब्रेक लागत नाहीत. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल, म्हणजे पोकळ बारीक स्क्रू, सैल करून हवा आणि ऑइल बाहेर जाऊ द्यायचं. निपल घट्ट झालं की मगच पेडल सोडायचं.

"बस आत," मनू म्हणाला.

जयवंत दार उघडून स्टिअरिंगमागे बसला. जानेवारीनंतर तो पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागेवर बसत होता. हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही छातीत काही हललं नाही. त्यानं उजवा पाय पेडलवर ठेवला.

मनू मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झाला. "मार."

जयवंतनं पेडल तीन-चारदा मारलं.

"धर दाबून."

त्यानं धरलं. मनूनं निपल सैल केलं, आणि पायाखालचं पेडल गेलं. मऊ, गुळगुळीत, कुठेही न अडता थेट तळाला गेलं आणि पत्र्याला टेकलं.

जयवंत समोर बघत होता. समोर गॅरेजची भिंत होती, भिंतीवर टायरचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्याला ते दिसत होतं. मागून निपल आवळल्याचा आवाज आला.

"सोड," मनू म्हणाला.

पाय उचलला गेला नाही.

"सोड रे."

जयवंतनं पायाला सोड म्हणून सांगितलं. मांडी त्याची होती, गुडघा त्याचा होता, पण पाऊल कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं पेडलवर रुतून बसलं होतं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

मनू गाडीखालून बाहेर आला. खिडकीतून त्यानं आत पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारी बसला. हाताचं ऑइल फडक्याला पुसत राहिला. धैर्यवान त्या दिवशी आले नव्हते, गॅरेजमध्ये दोघंच होते.

मग जयवंत म्हणाला, "असंच गेलं होतं."

"हं."

"पायाखाली काही नव्हतंच."

"मला डोक्यात यायला पाहिजे होतं," मनू म्हणाला. "ड्रमचं बोललो, बोल्टचं बोललो. हवा काढायला पेडल मारावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ये बाहेर. नाक्यावरून कोणाला तरी बोलावतो."

"थांब जरा."

जयवंतनं दोन्ही हातांनी उजव्या मांडीला धरलं आणि पाय पेडलवरून उचलला, वजन उचलावं तसा. पेडल हळूहळू वर आलं. ते वर येताना तो बघत होता.

"जा खाली," तो म्हणाला.

"जयवंता, जबरदस्ती नाही हां."

"जा रे. तुझी हवा अजून तशीच आहे."

मनू परत आडवा झाला. मार, धर, सोड. पेडल पुन्हा तळाला गेलं, पुन्हा वर आलं. प्रत्येक वेळी जयवंतला तोच पूल आणि तोच कठडा दिसत होता. बघायचं नाही असं त्यानं ठरवलं नाही, बघायचं असंही नाही. पाय चालू होता. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, मग पुढची दोन. शेवटच्या चाकाला मनू म्हणाला, "आता बघ," आणि जयवंतनं दाबलं तेव्हा पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं. खाली दगड ठेवल्यासारखं घट्ट. त्यानं सगळं वजन टाकून दाबलं, तरी हललं नाही.

"लागला," तो म्हणाला.

ट्रायलच्या दिवशी धैर्यवान इस्त्रीच्या कपड्यांत हजर होते. पहिली ट्रायल त्यांच्या हाती द्यायला मनू तयार नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्याला अजून काळा चष्मा होता. त्यानं जयवंतकडे पाहिलं. जयवंतनंच किल्लीसाठी हात पुढे केला.

मनू पुढे बसला, धैर्यवान मागे. काळाचौकीवरून शिवडी, शिवडीवरून वडाळा असे ते निघाले, कारण रेल्वे यार्डाच्या कडेनं मिठागरांकडे जाणारा रस्ता दुपारी मोकळा असतो. जयवंतनं आधी सावकाश ब्रेक मारले, मग वेग घेऊन मारले. गाडी डावी-उजवीकडे न ओढता नाकासमोर थांबत होती. बऱ्याच वेळा मारून ड्रम तापले तेव्हा पेडल केसभर खाली गेलं. जयवंतचा पाय आखडला. "ॲल्युमिनियम गरम झालं की जरा फुगतं," मनू म्हणाला, "तेवढं जाणारच." पुढच्या ब्रेकला गाडी पहिल्यासारखीच थांबली.

"सुंदर," धैर्यवान मागून म्हणाले. "आता घरी?"

जयवंतनं गाडी कडेला घेतली होती. इंजिन चालू होतं.

"साहेब, इथे मागे एका बिल्डिंगमध्ये जायचंय मला," तो म्हणाला. "थोडा वेळ लागेल. तुमची हरकत नसेल तर."

मनूनं मान वळवली. शामराव गमरे कुठे राहायचे ते त्यालाही माहीत होतं. पोलीस स्टेशनात पत्ता वाचून दाखवला तेव्हा जयवंतच्या शेजारी तोच बसला होता.

"जा तुम्ही," धैर्यवान म्हणाले. "आम्ही आहोत इथे."

दार पस्तिशीच्या एका बाईनं उघडलं. शामरावांची मुलगी नम्रता. पोलीस स्टेशनात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. ती दारातच उभी राहिली, बाजूला झाली नाही.

"काय काम आहे?"

"काम नाही," जयवंत म्हणाला. पुढे काय बोलायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

"आई, तो ड्रायव्हर आलाय."

आत कागद सळसळला. मग आवाज आला, "येऊ दे."

शामरावांच्या पत्नी रमाबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी कागदावरची मेथी बाजूला सारली आणि त्याला खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला. नम्रता दाराशी हाताची घडी घालून उभीच राहिली.

"तुम्ही होतात ना तिथे शेवटपर्यंत?" रमाबाईंनी विचारलं.

"होतो."

"मला कोणी नीट सांगितलं नाही. पोलीस म्हणाले, जागीच गेले. हॉस्पिटलवाले म्हणाले, रस्त्यात गेले. तुम्ही सांगा."

जयवंतनं सांगितलं. आवाज सपाट होता, स्वतःचाच आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. बस कठड्याला लागून थांबल्यावर तो खाली धावला. शामराव पाठीवर पडले होते. त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते.

"बोलले काही?"

"बोलले." हे त्यानं पोलिसांना सांगितलं नव्हतं, बकुळालाही नाही. "माझ्या अंगात खाकी शर्ट होता. त्यांना वाटलं मी टॅक्सीवाला. माझ्याकडे बघून म्हणाले, वडाळ्याला येणार का?"

रमाबाई पलंगाच्या कडेला सरकल्या.

"मी हो म्हणालो. येतो, बसा, म्हणालो. मग त्यांनी डोळे मिटले."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती होत नव्हती.

"टॅक्सी?" रमाबाई म्हणाल्या. "ते जन्मात टॅक्सीत बसले नाहीत. बसच्या लाइनीत तास तास उभे राहतील, पण टॅक्सी करणार नाहीत. मी दवाखान्यात होते तेव्हाही बसनं आले." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ऐकलंस का गं? टॅक्सी विचारली त्यांनी."

नम्रतानं तोंड फिरवलं आणि ती आत मोरीकडे गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

"दुखत होतं का त्यांना?"

"म्हणाले नाहीत तसं. चेहरा शांत होता. खोटं सांगत नाही."

"नाही, तुम्ही खोटं कशाला सांगाल," रमाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले, मग नाक. "लवकर सांगायला आला असतात तर बरं झालं असतं. रोज रात्री वाटायचं, एकटेच पडले असतील, तहान लागली असेल, कोणी विचारलं नसेल."

जयवंतला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. पाण्याचा तांब्या-पेला घेऊन नम्रता बाहेर आली तेव्हा त्यानं पाणी प्यायलं आणि तो उठला. तिनं दार धरून ठेवलं. "जयभीम," रमाबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यानं हात जोडले.

गाडीपाशी धैर्यवान बाहेर उभे राहून बॉनेट पुसत होते. मनूनं जयवंतच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो दार उघडून आत बसला. येताना शिवडीच्या फाटकाशी ट्रकांची रांग लागली होती. रांग सरकेपर्यंत जयवंतनं ब्रेक दाबून धरला, सोडला, परत धरला.

संध्याकाळी बकुळानं ड्युटीवरून आल्यावर चहाचं आधण ठेवलं. "झाली का ट्रायल?" तिनं विचारलं.

"झाली. वडाळ्याला गेलो होतो."

तिनं गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. जयवंतनं तिला सगळं सांगितलं, आधी रमाबाईंचं, मग पुलाखालचं, आणि पुलाखालचं सांगता सांगता त्याचा आवाज मध्येच बसला. त्यालाच त्याचं नवल वाटलं. बकुळानं चहा उतू जाऊ दिला.

फार काही बदललं नाही. कंपनीच्या बसवर तो गेला नाही. मनूकडे जाऊ लागला. कारागीर गावाहून परत आल्यावरही जात राहिला. दिवाळीत धैर्यवान नातीला घेऊन खंडाळ्याला जाऊन आले. घाट उतरताना गाडी कशी वागली ते त्यांनी फोन करून सविस्तर सांगितलं, आणि जयवंतनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कित्येक दिवस अजूनही कोरेच जायचे. गॅलरीत बसायचा, समोरच्या गच्चीवरची वाळवणं बघायचा, आणि आत काही नसायचं.

जानेवारीत नम्रताचा फोन आला. शामरावांना वर्ष होत होतं, बिल्डिंगच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम होता. "आईनं बोलावलंय," ती म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "वहिनींनाही आणा."

जयवंत आणि बकुळा गेले. मागच्या रांगेत बसले. वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही हात जोडले. काही जण त्याच्याकडे बघून आपसात कुजबुजले, एका माणसानं मान फिरवली. रमाबाई पुढे बसल्या होत्या. मध्येच त्यांनी वळून मागे पाहिलं आणि तो आलाय हे बघून पुन्हा पुढे तोंड केलं.

माणसं अंदाजापेक्षा जास्त आली. म्हातारी मंडळी भिंतीला टेकून उभी राहायला लागली, तेव्हा नम्रता घाईघाईनं मागे आली आणि इकडे तिकडे बघून जयवंतला म्हणाली, "भाऊ, खालच्या खोलीत खुर्च्या आहेत. आणता का?"

तो उठला. एका वेळी चार-चार खुर्च्या एकात एक घालून त्यानं वर आणल्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या मागे एकेक करून मांडत गेला.